जाळीचा पहिला स्कार्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुलट-उलट येतं, एखादा साधा मफलर विणून झालाय आणि आता काहीतरी नाजूक करावंसं वाटतंय, अशांसाठी हे पान आहे. जाळीच्या विणी शेकड्यांनी आहेत. इथे उदाहरणासाठी एकच घेतली आहे, ‘ओल्ड शेल’ ही लाटांची वीण. एक वीण नीट हातात बसली की बाकीच्या कशा चालतात ते आपोआप कळायला लागतं. खाली ‘ओळ’ म्हणजे सुईवरचे सगळे टाके एकदा विणून होणं. काही घरांत यालाच ‘एक सुई’ म्हणतात.

जाळीचं विणकाम म्हणजे नेमकं काय?

मुद्दाम भोक पाडायचं आणि त्यामुळे वाढलेला टाका दुसरीकडे कमी करायचा, इतकंच. धागा सुईवर नुसता घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. दोन टाके एकत्र विणले, म्हणजे ‘जोड’ घेतली, की एक कमी होतो. वाढ आणि घट सारखी राहिली तर स्कार्फची रुंदी तेवढीच राहते.

खरी गंमत आहे ती या दोघांना कुठे बसवायचं यात. भोक आणि जोड शेजारी-शेजारी ठेवली तर सरळ जाळी तयार होते. भोकं एका जागी गोळा केली आणि जोड टाके दुसऱ्या जागी, तर भोकांपाशी कापड पंख्यासारखं फुलतं, जोडांपाशी आवळतं आणि सगळी ओळ लाटेसारखी वळते. ओल्ड शेलमध्ये हेच होतं. पाहणाऱ्याला वाटतं फार अवघड काम असणार. प्रत्यक्षात चार ओळींपैकी एकाच ओळीत डोकं लावावं लागतं.

मला फक्त सुलट-उलट येतं. जमेल का?

जमेल. नवशिक्या हातून साध्या मफलरमध्ये न मागता भोकं पडतात ना, ती बहुतेक वेळा धागा चुकून पुढे राहिल्यामुळे पडतात. जाळीत तीच गोष्ट ठरवून करायची असते, म्हणजे अर्धं शिक्षण नकळत झालेलंच आहे. दोन टाके एकत्र विणणं तर एका टाक्याऐवजी दोन टाक्यांत सुई घालणं एवढंच.

टाके घट्ट ओढायची सवय असेल तर मात्र ती आधी सोडवा. दोन टाके एकत्र घेताना सुई आत शिरली पाहिजे. शिरत नसेल तर दोष विणीचा नाही, हाताचा आहे. सुईच्या टोकाशी नाही, तिच्या पूर्ण जाडीवर टाके तयार होऊ द्या.

ही वीण कुठून आली?

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाचा शंभरावर बेटांचा समूह आहे. तिथल्या लहानखुऱ्या मेंढ्यांची लोकर मऊ, आणि मानेजवळची तर फारच बारीक. त्या लोकरीपासून तिथल्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात जाळीच्या शालींचा मोठा व्यवसाय उभा केला. अगदी उत्तरेकडचं अन्स्ट बेट सर्वांत तलम कामासाठी ओळखलं जातं. अख्खी शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता येईल इतकं ते काम नाजूक असे.

ओल्ड शेल ही मात्र त्या मिरवायच्या शालींपेक्षा रोज वापरायच्या शालींमध्ये जास्त दिसते. या रोजच्या शालीला तिकडे ‘हॅप’ म्हणतात: मध्ये साधा सुलट विणीचा चौकोन आणि भोवती लाटांचा रुंद काठ. काम करताना खांद्यावर बांधायची, तान्ह्या बाळाला गुंडाळायची. म्हणजे ही मुळात कामकरी बायकांची, गप्पा मारता मारता विणायची वीण आहे. नवशिक्यांना मी हीच सुचवते ती त्यामुळेच.

अंगठीतून जाणाऱ्या शालीची गोष्ट काश्मिरी शालीबद्दलही सांगतात, पण ती शाल मागावर विणलेली असते, सुयांवर नाही. सुयांवरच्या जाळीची दुसरी दोन नावाजलेली गावं म्हणजे रशियातलं ओरेनबर्ग, जिथे बकरीच्या तलम केसांच्या शाली होतात, आणि एस्टोनियातलं हापसालू.

लोकर कोणती घेऊ?

पहिल्या स्कार्फला गुळगुळीत, एकरंगी, फिक्या रंगाची आणि मध्यम जाडीची. या चारही गोष्टींना कारण आहे.

गुळगुळीत अशासाठी की टाके स्वच्छ दिसतात आणि उसवावं लागलं तर धागा सरळ सुटतो. मोहेरसारखी केसाळ लोकर दुकानात फार मोहात पाडते, पण तिचे केस एकमेकांत अडकतात आणि उसवणं जवळजवळ अशक्य होतं. एकरंगी अशासाठी की रंगीबेरंगी धाग्यात जाळी हरवते. डोळ्याला रंगांचे पट्टे दिसतात, भोकं दिसत नाहीत. काळी किंवा गडद निळी लोकर रात्री दिव्याखाली विणून बघा, टाके मोजताना डोळ्यांत पाणी येईल. आणि जाडी मध्यम, म्हणजे वेष्टनावर ‘डीके’ किंवा ‘डबल निटिंग’ लिहिलेली, १०० ग्रॅमला साधारण २०० ते २४० मीटर भरणारी. ‘प्लाय’च्या आकड्यावर फार विसंबू नका. एका कंपनीची ४ प्लाय दुसरीपेक्षा चांगलीच जाड असू शकते. वजन आणि मीटर यांचा हिशोब जास्त भरवशाचा.

आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं. लुधियानाच्या वर्धमान, ओसवाल, गंगा यांसारख्या कंपन्यांचे गुंडे सगळीकडे मिळतात. त्यांत अ‍ॅक्रिलिकही असतं, मिश्रणंही असतात, म्हणून वेष्टन वाचा. वेष्टन नसलेली जुनी लडी घरात सापडली तर छोटा तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. खरी लोकर हळू जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी बनतो.

शिकण्यासाठी अ‍ॅक्रिलिक चालेल. पण जाळीचं खरं रूप खऱ्या लोकरीतच खुलतं, त्याचं कारण ताणून वाळवण्याच्या प्रश्नात आहे.

आपल्या धनगरी मेंढ्यांची लोकर चालेल का?

घोंगडीला ती उत्तम, गळ्याला नाही. दख्खनी मेंढीचा केस जाड आणि राठ असतो. पाऊस-वारा अडवायला तेच हवं असतं. स्कार्फ मात्र मानेला बोचत राहील.

किती लोकर लागेल?

साधारण २५ सें.मी. रुंद आणि १५० सें.मी. लांब स्कार्फला मध्यम जाडीची १५० ग्रॅम घ्या. थोडी उरेल, उरू द्या. सगळे गुंडे एकाच वेळी घ्या आणि वेष्टनावरचा रंगाचा लॉट क्रमांक एकच आहे ना ते बघा. लॉट बदलला की दुकानात सारखा दिसलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

सुया कोणत्या नंबरच्या?

५ मि.मी.च्या. लोकरीच्या वेष्टनावर ४ मि.मी. लिहिलं असेल तरी ५च घ्या. जाळीला मोकळा श्वास लागतो, आणि नेहमीपेक्षा एक-दोन माप मोठी सुई तो देते.

नंबरांचा घोळ समजून घ्या. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालत आली आहे, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ६ नंबर म्हणजे ५ मि.मी., ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी. अमेरिकेत बरोबर उलटं: तिथली ६ नंबर ४ मि.मी.ची आणि ८ नंबर ५ मि.मी.ची. तेव्हा इंटरनेटवरच्या अमेरिकन कृतीत ८ नंबर सुई लिहिलेली असेल आणि तुम्ही आईच्या डब्यातली ८ नंबर काढली, तर स्कार्फ अरुंद आणि पुठ्ठ्यासारखा होईल. तिकडे राहणाऱ्या बहिणीला किंवा भाचीला इथून कृती पाठवतानाही हाच घोटाळा होतो. नेहमी मि.मी. विचारा, मि.मी. सांगा.

लाकडी किंवा बांबूच्या सुयांवरून टाके घसरत नाहीत, म्हणून सुरुवातीला त्या बऱ्या. स्टीलच्या सुया जलद चालतात पण टाकेही तितक्याच जलद निसटतात. टोक बोथट नसावं, नाहीतर दोन टाक्यांत एकदम शिरताना जीव जातो.

याखेरीज लागेल: बोथट टोकाची मोठ्या नाक्याची लोकरीची सुई, मोजपट्टी, दोन-तीन खुणेच्या कड्या (वेगळ्या रंगाच्या दोऱ्याच्या गाठी मारलेल्या कड्याही चालतात), आणि वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा.

‘धागा सुईवर घ्या’ म्हणजे नक्की काय करायचं?

सुलट टाका विणून झाला की धागा मागच्या बाजूला असतो. तो दोन सुयांच्या मधून पुढे आणा. आता काहीही वेगळं न करता पुढचा टाका सुलट विणा. सुलट विणायला धागा मागे जावा लागतो, आणि मागे जाताना तो उजव्या सुईवरूनच जातो. तो जो तिरका वेढा सुईवर पडला, तोच तुमचा नवा टाका आणि त्याच्याखाली तुमचं भोक.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे धागा पुढे आणल्यावर सुईला गोल गुंडाळून पुन्हा पुढे आणणं. त्याने भोक दुप्पट मोठं होतं. दुसरी चूक पुढच्या ओळीत होते: तो वेढा टाका वाटत नाही म्हणून सोडून दिला जातो. तो टाकाच आहे. इतरांसारखाच पुढच्या बाजूने सुई घालून विणा. मागच्या बाजूने घातली तर वेढ्याला पीळ पडतो आणि भोक मिटतं.

पूर्ण कृती सांगा.

४२ टाके घाला. यात दोन्ही काठांचे ३-३ टाके आणि मध्ये १८ टाक्यांच्या दोन पाळ्या आहेत (पाळी म्हणजे ओळीत पुन्हा पुन्हा येणारा टाक्यांचा गट). टाके सैल घाला. हात घट्ट असेल तर टाके घालण्यापुरती एक माप मोठी सुई वापरा.

सुरुवातीला चार ओळी पूर्ण सुलट विणा. मग ही चार ओळींची वीण:

पहिली ओळ: सगळे टाके सुलट.

दुसरी ओळ: ३ सुलट, ३६ उलट, ३ सुलट.

तिसरी ओळ: ३ सुलट, मग (२ टाके एकत्र सुलट) तीन वेळा, (धागा सुईवर, १ सुलट) सहा वेळा, (२ टाके एकत्र सुलट) तीन वेळा, ही १८ टाक्यांची पाळी एकूण दोनदा, शेवटी ३ सुलट.

चौथी ओळ: सगळे टाके सुलट.

ह्याच चार ओळी परत परत विणत राहा. हवी तेवढी लांबी झाली की चौथ्या ओळीनंतर आणखी दोन ओळी सुलट विणा आणि टाके सैल बंद करा.

तिसऱ्या ओळीचा हिशोब एकदा स्वतः करून बघा. सहा वेळा दोनाचा एक केला, म्हणजे सहा टाके गेले. सहा वेळा धागा सुईवर घेतला, म्हणजे सहा आले. अठराचे अठराच राहिले. दोन पाळ्या जिथे भिडतात तिथे सलग सहा जोड्या येतात. तिथे घाबरू नका, कृती चुकलेली नाही.

चौथी ओळ उलट बाजूने सुलट विणल्यामुळे दर्शनी बाजूला एक उठावदार रेघ येते. तीच लाटेची कड. ती ओळ सवयीने उलट विणली तरी जाळी होते, पण लाट ठसठशीत उठत नाही.

मध्येच गोंधळायला होतं. कुठे आहे ते कसं ओळखू?

काठाच्या तीन टाक्यांनंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये आणि शेवटच्या तीन टाक्यांआधी अशा तीन कड्या सुईवर अडकवा. विणताना कडी एका सुईवरून दुसऱ्या सुईवर सरकवायची, विणायची नाही. दोन कड्यांमध्ये नेहमी १८ टाके. संपूर्ण ४२ मोजण्यापेक्षा हे फार सोपं, आणि चूक कुठल्या पाळीत आहे तेही लगेच कळतं.

तिसरी ओळ झाली की दर वेळी मोजा. दर वेळी म्हणजे दर वेळी. मोजायला अर्धं मिनिट लागतं. न मोजता दहा ओळी पुढे गेल्यावर उसवायला संध्याकाळ जाते.

कितवी ओळ चालू आहे ते विसरत असाल तर कागदावर रेघा मारा. मोबाइलवर ओळी मोजायची साधनं आहेत, पण हातात सुया असताना पडद्याला बोट लावण्यापेक्षा पेन्सिल बरी.

मोजले तर १८ ऐवजी १७ किंवा १९ भरतात.

१७ असतील तर बहुधा एक धागा घ्यायचा राहिला. पाळीतली भोकं मोजा. सहाऐवजी पाच दिसतील. पुढच्या ओळीत त्या जागी पोहोचलात की दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने उचला आणि साधा सुलट विणा. भोक शेजारच्यांपेक्षा किंचित लहान होईल, वाळवताना ताणलं की समजणारही नाही.

१९ असतील तर एक जोड राहिली किंवा एक धागा जास्त घेतला गेला. भोकं सात असतील तर तो जास्तीचा वेढा पुढच्या ओळीत सुईवरून सरळ सोडून द्या. भोकं सहाच असतील तर राहिलेली जोड चौथ्या ओळीत त्याच जागी दोन टाके एकत्र विणून भरून काढा. अगदी काटेकोर तसं दिसणार नाही, पण गळ्याभोवती गुंडाळलेल्या स्कार्फची पाळी कोणी मोजत नाही.

टाका गळला आणि खाली खाली उसवत गेला. आता?

आधी त्याला सेफ्टी पिनमध्ये अडकवा, मग श्वास घ्या. साध्या भागात गळला असेल तर क्रोशाच्या सुईने शिडीच्या एकेका पायरीतून तो वर आणता येतो. जाळीच्या ओळीतून खाली गेला असेल तर नवशिक्यांनी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये, उसवावं.

उसवणं सोपं व्हावं म्हणून आधीच एक सोय करून ठेवायची. दर दहा-बारा ओळींनी, चौथी ओळ पूर्ण झाल्यावर, वेगळ्या रंगाचा सुती दोरा लोकरीच्या सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून काढा. कड्यांमधून मात्र जाऊ देऊ नका, त्या अडकून बसतील. पुढे काही बिघडलं तर सुया काढून बेधडक उसवायचं. उसवण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते. दोऱ्याच्या वाटेने सुई घातली की ४२ टाके पुन्हा सुईवर. अनुभवी बायकासुद्धा महागड्या लोकरीवर हा दोरा घालतात.

आधी नमुन्याचा तुकडा विणायलाच हवा का?

स्वेटरला हवाच. स्कार्फ चार बोटं जास्त रुंद झाला तर काही बिघडत नाही. तरी २४ टाक्यांवर (१८ आणि काठाचे ६) पाच-सहा वेळा वीण विणून बघा, मापासाठी नाही, हात बसण्यासाठी. तो तुकडा धुऊन, ताणून वाळवा. तो वाळल्यावर स्कार्फ पूर्ण करायचा हुरूप येतो.

स्कार्फ अरुंद, चुरगळलेला दिसतोय. लाटा दिसतच नाहीत. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. सुईवर असलेली जाळी अशीच दिसते, कोमेजलेल्या पालेभाजीसारखी. ताणून वाळवेपर्यंत तिला नावं ठेवू नका. पुष्कळ जणी इथेच, अर्ध्या वाटेवर, कंटाळून सोडून देतात. सुईवरच्या कामाला दोन्ही हातांनी आडवं-उभं ताणून बघा. क्षणभर जे दिसतं तेच शेवटी कायमचं दिसणार आहे.

सुरुवातीचं टोक लाटेसारखं झालंय, सरळ नाही.

ते तसंच होतं, आणि तेच या विणीचं सौंदर्य आहे. दोन टोकांच्या लाटा एकमेकींच्या उलट पडतात. हे डोळ्याला खुपत असेल तर स्कार्फ दोन अर्ध्या भागांत, दोन्ही टोकांकडून मध्याकडे विणून मानेमागे येणाऱ्या जागी जोडतात. पहिल्या स्कार्फला हा उपद्व्याप नको.

नवा गुंडा कसा जोडू? गाठ मारू का?

गाठ नको; जाळीत ती आरपार दिसते आणि नेमकी भोकात येऊन बसते. जुना धागा ओळीच्या शेवटी थांबवा, नवा काठापासून सुरू करा आणि दोन्ही शेपट्या १५ सें.मी. ठेवा. त्या काठाच्या सुलट विणीत मागून ओवून टाका. ओवल्यावर लगेच कापू नका. आधी स्कार्फ ताणून वाळवा, मग कापा, नाहीतर ताणताना टोकं बाहेर येतात.

खऱ्या लोकरीची दोन टोकं उकलून, ओली करून, तळहातांत जोरात चोळली की एकजीव होतात. मशीनमध्ये धुता येण्याजोग्या प्रक्रिया केलेल्या लोकरीवर आणि अ‍ॅक्रिलिकवर हे चालत नाही.

टाके बंद केल्यावर टोक आवळून येतं.

नेहमीच्या पद्धतीऐवजी असं करा: दोन टाके मागच्या बाजूने सुई घालून एकत्र सुलट विणा; तयार झालेला एक टाका परत डाव्या सुईवर ठेवा; पुन्हा दोन एकत्र. शेवटपर्यंत असंच. ही कड भरपूर ताणली जाते. उजव्या हातात एक माप मोठी सुई घेतली तर आणखी बरं.

ताणून वाळवणं म्हणजे काय? ते टाळता येईल का?

खऱ्या लोकरीच्या जाळीला टाळता येत नाही. लोकरीचा तंतू ओला असताना जसा ठेवाल तसा वाळताना बसतो. शेटलंडमध्ये यासाठी शाली लाकडी चौकटींवर दोऱ्यांनी ताणून घराबाहेर वाळवत. आपल्याला रिकामी गादी आणि त्यावर जुनी चादर पुरते, किंवा लहान मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया.

बादलीत साधं, गार किंवा किंचित कोमट पाणी घ्या. त्यात रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण थोडासा. स्कार्फ वीस-पंचवीस मिनिटं नुसता बुडवून ठेवा. चोळू नका, गरम पाणी घालू नका, नळाची धार त्यावर सोडू नका. गरम पाणी आणि घर्षण मिळालं की लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते आणि ती परत उलगडत नाही. उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या. पिळायचं नाही. कोरड्या पंचात गुंडाळून वर दाब द्या, पाणी पंचा पिऊन घेईल.

मग गादीवर पसरा. आधी लांबी ताणून दोन्ही टोकांना मधोमध पिना लावा, मग रुंदी. टोकाच्या प्रत्येक लाटेच्या उंचवट्यावर एक पिन ओढून लावली की लाट उठून दिसते. पिना न गंजणाऱ्या घ्या. साध्या टाचण्यांचा गंज फिक्या लोकरीवर उतरला की जात नाही. पूर्ण वाळेपर्यंत पिना काढू नका. डिसेंबरात पुण्या-नाशिकला रात्रभरात वाळतो. पावसाळ्यात कोकणात दोन दिवसही लागतील. पंखा चालू ठेवा.

माझा स्कार्फ अ‍ॅक्रिलिकचा आहे.

पाण्याने त्याला आकार येत नाही, वाळला की तो पूर्ववत होतो. त्याला वाफ लागते. पिना लावून ताणा आणि वाफेची इस्त्री दोन-तीन सें.मी. वर धरून फक्त वाफ सोडा. इस्त्री टेकवू नका. जास्त उष्णता लागली तर धागा मऊ पडून लुळा होतो, चकाकायला लागतो आणि मूळचा पोत परत येत नाही. आधी नमुन्याच्या तुकड्यावर करून बघा.

इंग्रजी कृतींमधली लघुरूपं समजत नाहीत.

मोजकीच पाठ करा. ‘के’ सुलट, ‘पी’ उलट, ‘वायओ’ धागा सुईवर (ब्रिटिश कृतींत ‘वायएफडब्ल्यूडी’), ‘के२टॉग’ दोन एकत्र सुलट, ‘एसएसके’ म्हणजे दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उचलून, मग मागच्या बाजूने सुई घालून एकत्र विणणे. के२टॉगची जोड उजवीकडे झुकते, एसएसकेची डावीकडे. नेहमी एकच जोड वापरणाऱ्या काही जाळ्या तिरक्या जातात, म्हणून दोन्ही आलटून-पालटून घेतात. ओल्ड शेलमध्ये एकाच प्रकाराने भागतं.

चौकटींचा तक्ता असेल तर तो खालून वर वाचायचा. तक्ता दर्शनी बाजूचं चित्र असतो, त्यामुळे दर्शनी ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. गोल म्हणजे भोक, तिरकी रेघ म्हणजे जोड, असा बहुतेक तक्त्यांचा संकेत आहे, तरी शेजारची सूची पाहून घ्या.

रुंद स्टोल करायचा असेल तर?

दर पाळीला १८ टाके वाढवा: तीन पाळ्यांना ६०, चारांना ७८. काठाचे सहा टाके तेच राहतात. लोकर त्याच प्रमाणात जास्त.

पूर्ण व्हायला किती वेळ लागतो?

१५० सें.मी.ला चार ओळींची वीण साधारण ८० ते ९० वेळा येते, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास ओळी आणि पंधरा हजारांच्या जवळपास टाके. रोज तासभर बसलात तर नवशिक्या हाताला दोन ते तीन आठवडे. दूरदर्शनवरची मालिका बघत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ होते. तिसऱ्या ओळीला आवाज बंद करावा लागतो.

मला क्रोशे येतं, सुया नवीन आहेत. त्याचा उपयोग होईल?

धाग्यावरचा ताबा आणि गळलेला टाका उचलायचं कसब, दोन्ही कामी येतील. पण क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो, इथे बेचाळीस असतात. आधी वीतभर साधं सुलट-उलट विणून घ्या.

मुंबईत लोकरीचा स्कार्फ घालायचा कधी?

एसी लोकल, एसी ऑफिस, रात्रीची व्होल्वो, महाबळेश्वर. तरीही नको वाटत असेल तर सुती किंवा बांबूच्या धाग्यात विणा. हीच कृती चालते. सुती धाग्याला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो, वजन जास्त असतं आणि वापरून स्कार्फ लांबत जातो, म्हणून हवा त्यापेक्षा दहा-पंधरा सें.मी. आखूड थांबा. सुती जाळीही ओली करून, ताणून वाळवा.

धुवायचा आणि ठेवायचा कसा?

धुणं वर सांगितलं तसंच, आणि प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा ताणून वाळवणं. मोसमात एक-दोनदा पुरे. दोरीवर टाकून वाळवू नका, हँगरवर लटकवू नका. ओल्या लोकरीच्या वजनाने भोकं लांबतात.

उन्हाळ्यात ठेवून देताना धुऊन, पूर्ण कोरडा करूनच ठेवा. कसर लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी. सुती कापडात सैल गुंडाळा, सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या. गोळ्या लोकरीला थेट लागू देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर पावसाळ्यातला दमट वास त्यात बसतो. अ‍ॅक्रिलिकला कसर खात नाही, बुरशी मात्र त्यालाही धरते, तेव्हा कोरडं ठेवणं दोघांनाही लागू. आणि दर दोन महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला, नाहीतर घडीची रेघ जाळीत बसते.